लाल दोऱ्याचं बटण

अहो,

आज आमच्या शिवणखात्यात आघाडीवरून धुऊन आलेल्या कोटांचा गठ्ठा सोडला. फाटकं शिवून कोट नव्या शिपायांना पाठवायचे, एवढंच आमचं काम. कोट कुणाचा होता, हे विचारायचं नसतं. माझ्या वाट्याला आलेल्या कोटाचं वरचं बटण लाल दोऱ्याने लावलेलं होतं.

तो दोरा माझा. तुम्ही निघताना बटण तुटलं, काळा दोरा सापडेना आणि मला कुठला आलाय धीर? तुम्ही हसून म्हणालात, "असू दे, भिंगरे. गर्दीत ओळखू तरी येईन."

कोटाला छातीपाशी भोक होतं. मी ते रफू केलं. मुकादमबाईंना काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं. कधीकधी आघाडीवर एकाचा कोट दुसऱ्याला बदलूनही देतात म्हणे.

घरी सासूबाई तुमच्यासाठी मोजे विणत होत्या. "गप्प का गं?" म्हणाल्या. डोकं दुखतंय म्हटलं.

खालच्या मजल्यावरचा रेडिओ दुरुस्तीवाला मला उद्या घेऊन जाणार आहे, जिथे विमानं येत नाहीत तिथे. पिशवी पलंगाखाली भरलेली आहे. आत्ताच तो जिन्यात खाकरून गेला. मी दार उघडलं नाही.

कालपर्यंत तुम्ही परत याल, याची भीती होती. जिवंत नवऱ्याला सोडायला मी तयार होते. मेलेल्याला सोडायचं धाडस होत नाही.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं आणि परत आलं, तर पोस्टमन ते सासूबाईंच्याच हातात देईल.

तुमची, अजून घरातच असलेली,
भिंगरी