कडब्याची रुंदी

जनवाडा, सोमवार, फाल्गुन १९५२

पोलीस अमीनसाहेबांनी आज ठाण्यात फीत लावून लॉरी मोजली. रिकामी लॉरी. "कायद्यात बसते," म्हणाले.

मी म्हणालो, माझा धाकटा भाऊ लॉरीला धडकला नाही. दोन्ही बाजूंना हात हात बाहेर आलेल्या कडब्याने शिवराजला सायकलवरून ओढून चाकाखाली घातले. एवढ्या ओझ्याला एकच दोर, तोही सैल.

ड्रायव्हर म्हणाला, "दोन दोर होते, साहेब. कडबा फळीच्या आतच होता."

"मग तो कडबा दाखवा," अमीनसाहेब मला म्हणाले. मी घरची वाट धरली. भावासाठी एवढेच करायचे राहिले होते.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अप्पा, आमचे वडील, गोठ्यात बैलांपुढे पेंढ्या टाकत होते.

"काय म्हणाले रे अमीन?"

"कडबा दाखव म्हणायलेत."

अप्पांचा हात थांबला. लॉरीवरून सांडलेल्या पेंढ्या त्या दिवशी गावकऱ्यांनी गाडीत भरून आमच्याकडे आणल्या होत्या. शिवराजला माती देऊन आल्यावर अप्पाच म्हणाले होते, "चारा कुजवायचा कामून? टाका गोठ्यात." तेव्हा कुणीच काही बोलले नाही. मीही नाही.

"ही शेवटचीच हाय," अप्पा म्हणाले आणि पेंढी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

एका पेंढीने कुठली रुंदी कळणार? बैल मान लांबवून उभा होता.

"टाका," मी म्हणालो.