सतरा नंबरच्या टेबलाचं जर्नल

४ सप्टेंबर, सोमवार
आले एकदाची! नवं विद्यापीठ, नवी खोली, खिडकीत मुबलक ऊन. आधीच्या ठिकाणी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये माझी दांडी गुल झाली होती. इथे पुन्हा दुसऱ्या वर्षाला घेतलंय, पण ही शेवटची संधी. बाबांनी सगळ्या आत्या-मावश्यांना आधीच सांगून ठेवलंय की पोरगी या वेळी पास होणारच. म्हणजे नापास व्हायचीही सोय नाही. प्रयोगशाळेत मला सतरा नंबरचं टेबल मिळालं. तिथले शिपाई काका मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, ब्युरेटच्या नळीवरची तीन रीडिंगं जुळली की थांबायचं, चौथ्याच्या नादी लागायचं नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार
सकाळी थिअरी, दुपारी चार तास उभं राहून पिपेट. पायांचे तुकडे पडलेत. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक जुनं जर्नल सापडलं. त्यात दोन मुलींची अक्षरं आहेत, एक निळं, एक काळं, आणि प्रत्येक प्रयोगात दोघींची रीडिंगं अगदी सारखी. आजचं १८.४ मी सरळ त्यातून उतरवलं. सगळेच करतात. प्रॅक्टिकलच्या मॅडमनी सहीही ठोकली. लाज वाटली, पण झोप त्याहून जास्त आली होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
आज इमानदारीत केलं. ऑक्झॅलिक आम्ल गरम, परमँगनेट थेंबथेंब, गुलाबी रंग टिकला तेव्हा २१.७. जर्नल उघडलं तर दोन्ही अक्षरांत २१.७. मग मुद्दाम पंधरा थेंब जास्त सोडले. तरी २१.७. मला भीती वाटली.

३ ऑक्टोबर, मंगळवार
कितीही झोपले तरी शीण जात नाही. जर्नलच्या कडेला निळ्या अक्षरात 'फार थकवा', खाली काळ्यात 'मलाही'. काकांना विचारलं. आधी टाळाटाळ, मग म्हणाले, या टेबलावर दोन वेगळ्या वर्षी दोन मुली शेवटच्या प्रयोगाला डोकं टेकून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. मॅडमकडे टेबल बदलून मागितलं. नाही म्हणाल्या. शेवटचा प्रयोग चुकवला तर परीक्षेला बसता येणार नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
आईला फोन केला. सगळं सांगायचं होतं — जमलं नाही. ती म्हणाली, एकच प्रयोग राहिलाय ना, तेवढा रेट, मग पोटभर झोप.

९ ऑक्टोबर, सोमवार
शेवटचा प्रयोग. एस्टर आणि आम्ल; दर दहा मिनिटांनी थोडं काढून मोजायचं. मधल्या वेळात ही वही. उभ्यानेच लिहितेय. स्टूल लांब ठेवलंय.

२.१० — २२.६. जर्नलमध्ये दोघींचं तेच.

२.२० — २४.१. तेच.

२.३० — २५.३. स्टूल जवळ आलंय. मीच ओढलं असेल —

२.४० — २६.२. जर्नलमधली शेवटची ओळ. पुढे निळ्यात 'जरा टेकते', काळ्यात 'जरा टेकते'. तिन्ही जुळली. काकांना हाक मारायला हवी — पण आई म्हणालीच होती, मग पोटभर — फक्त दहा मिनिटं — जरा टे