पुनमचा ताप उतरला

ती. आक्कास,

साखऱ्याहून धाकट्या देविदासचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आन् दाजींचा राग, दोन्ही आता उतरणीला लागले असतील. आमी खुशाल आहोत. फोन केला न्हाई, काहून की फोनवर तुझी भावजय शेजारी येऊन बसते आन् हे तिच्यासमोर बोलायचं न्हाई.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पुनमला ताप आला. (नात स्वमग्न हाय, तुला ठाऊकच, आठ वर्षांची झाली तरी कुणाकडं बघत न्हाई की बोलत न्हाई.) तापात ती आपण होऊन माझ्या मांडीवर बसली, तोंडाकडं टक लावून बघितलं आन् म्हणाली, "आबा." आक्का, ह्या एका शब्दासाठी आठ वर्षं जीव टांगणीला लागलाय माझा. भरल्या घरात रडलो. सगळ्यांना वाटलं, तापाच्या काळजीनं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, घरच्यांनी नारळ फोडला आन् पोरगी परत गप्प झाली. ते खोबरं मला काही गोड लागलं न्हाई.

मग गुपचूप हिंगोलीच्या डॉक्टरांना गाठून विचारलं, ताप चढवायचं औषध मिळतं का. ते आधी कंपाउंडरकडं बघाया लागले. मग बराबर समजावलं: रोगाशी लढायची अंगातली ताकद आन् मेंदू यांचं आतून काहीतरी चालतं, तापात अशी काही लेकरं थोडी मोकळी होतात, पण काहून ते अजून पुरतं कळलेलं न्हाई, ताप मात्र मुद्दाम आणायचा न्हाई. मी मान हलवली आन् घरी येऊन तिला घेऊन वाकळंत शिरलो. (भर उन्हाचं.) ती दोन मिनिटांत निघून गेली, मी आत घामाघूम. वरून ताप मलाच आला आन् दोन दिवस बरळत होतो. तुझी भावजय म्हणाली, न बोलणाऱ्याला बोलतं करणारा ताप ह्या बडबड्याला गप्प काहून करत न्हाई.

दाजींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुझा,
देविदास

ता. क. तुझ्या नातवाला, स्वप्निलला, ताप हाय म्हणून पोळ्याला यायचं लांबवलंस म्हणे. लांबवू नको. त्याला घेऊन उद्याच ये, दोघा लेकरांना एका ताटात जेवाया बसवू.

दुसरा ता. क. नको येऊ. स्वप्निल खडखडीत बरा झाल्यावरच ये. पुनम तापात एक न्हाई, दोन शब्द बोलली होती. दुसरा मी तुझ्यापासून लपवला, स्वतःपासूनबी. "आबा, दुखतंय" म्हणालं होतं लेकरू.