काठीत जाणारा भाग

कॉन्स्टँटिनोपल, ३ जून
पहाटेची प्रार्थना आटोपून भट्टी पेटवत बसलो आहे.

ती. अँथूसाताईस निकीटासचा सा. न. वि. वि.

आईची कानातली आणि गावाने जमवलेली चांदी तांड्याबरोबर सुखरूप पोचली. मिरवणुकीचा क्रूस होत आला आहे. लोखंडी गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवला, टोकांना गोल चकत्या बसवल्या. सप्टेंबरच्या सणाला आपल्या देवळातून तोच पुढे निघेल.

अडलंय बाबांच्या नावापाशी. क्रूसावर जिवंत माणसासाठी ‘प्रभो, तुझ्या दासाला साहाय्य कर’ असं कोरतात; गेलेल्यासाठी ‘विसावा दे’. बाबा सरहद्दीवर लढायला गेले त्याला नऊ वर्षं झाली, काही खबर नाही. मालक रोज विचारतात, की तुझा बाप आहे की नाही ते एकदाचं ठरव. कारखाना हसतो. मीही हसतो. आईला विचारून कळव. इथे आपल्याकडचं बोलणारं कोणी नाही, तेव्हा उत्तर सावकाश पाठवू नकोस.

तुमची आठवण काढणारा,
निकीटास

११ जुलै

चि. निकीटासास अनेक आशीर्वाद.

अक्षर मोत्यासारखं, पण जेवतोस की नाही याबद्दल एक ओळ नाही! शहाणाच आहेस.

आईला विचारलं तेव्हा ती कणीक मळत होती. मळतच राहिली. संध्याकाळी आपण होऊन म्हणाली, की साहाय्य पुष्कळ मागून झालं, आता त्या माणसाला विसावा माग. रात्री तिने दाराला आतून कडी घातली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तूही मन घट्ट कर. जीव लावणारी,
अँथूसा

२० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

जेवतो. क्रूस लोकरीत गुंडाळून तांड्याबरोबर धाडला आहे. समोर आईने सांगितलं तेच कोरलंय, विसावा. पुन्हा पुन्हा तपासलं, अक्षर चुकलेलं नाही.

खालचा लोखंडी दांडा लाकडी काठीत जातो, म्हणून त्यावर कोणी काही कोरत नाही. मी बाबांसाठी कोरलंय: ‘प्रभो, तुझा दास वार्दास याला साहाय्य कर.’ मालकांना ठाऊक नाही. काठी बसवण्याआधी आईचं बोट त्यावरून फिरव आणि काय लिहिलंय ते सांग. रागावली, तर लगेच काठी ठोकून बसव. मग ते कोणालाच दिसणार नाही.

कडी असू दे. फक्त कोणी दार वाजवलं, तर पहिल्याच थापेला उघडा.

तुम्हा दोघींचा,
निकीटास