एम म्हणजे काय

५ ऑगस्ट २००२

बोललं! एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोललं!

मोडेम नेहमीसारखा किंचाळला, मग गप्प झाला, आणि सोयगावच्या उजळणी वाचनालयातल्या सभासदांची नावं आमच्या पडद्यावर उतरायला लागली. शहरातल्या आमच्या मिलाप वाचनालयाची नावं तिकडं गेली. दोन गावं, दोन वेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं, आणि आमच्या समितीनं ठरवलेल्या नियमांवर दोघांचं जमलं. वर्षभर ह्याचसाठी भांडलो — नाव आधी की आडनाव, तारीख कशी लिहायची, उर्दू पुस्तकाचं नाव कुठल्या लिपीत पाठवायचं. आता एकाच कार्डावर शहरात काय, सोयगावात काय, पुस्तक मिळेल.

कय्युम आमच्याकडचा कॉम्प्युटर बघतो. तो म्हणाला, "सगीराबाजी, अब तो मिठाई." समितीचे अध्यक्ष नानासाहेब. त्यांनी स्वतःच पेढे मागवले. घरी अम्मीला समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं की सोयगावहून कुणाचा तरी फोन आला.

९ ऑगस्ट

रोज संध्याकाळी नवी माहिती जाते-येते. काहीच अडत नाही. विश्वास बसत नाही.

१९ ऑगस्ट

अक्षर नीट येत नाहीये.

दुपारी बन्सी आला. वाळूजला कारखान्यात आहे. पाळी संपली की येतो, मोटारी बांधण्याची, म्हणजे वाइंडिंगची पुस्तकं नेतो. पुस्तक लवकर परत देत नाही, मुदत वाढवून मागतो. एवढीच ओळख. त्यानं काउंटरवर एक कागद ठेवला.

"मॅडम, वाचा. मी मेलोय म्हणं."

उजळणी वाचनालयाचं छापील पत्र. आपल्या कुटुंबातील श्री. बन्सी यांच्या निधनाचे वृत्त समजले. वाचनालय आपल्या दुःखात सहभागी आहे. त्यांच्याकडील पुस्तक वारसांनी सवडीने परत करावे.

मी हसले. खरंच हसले, वाटलं कुणी तरी थट्टा केली. तो हसला नाही.

त्याचा पत्ता देवगाव रंगारीचा, म्हणून पत्र गावी गेलं. आईला वाचता येत नाही. शेजाऱ्यानं दारात उभं राहून वाचून दाखवलं. मनकर्णाबाई तिथंच उंबऱ्यावर कोसळल्या. गाव जमला. मयत ताब्यात घ्यायला कुठं यायचं हे विचारायला चुलत्यानं कारखान्यात फोन केला. तिथल्यांनी फोन घ्यायला बन्सीलाच बोलावून आणलं.

आई जिवंत आहे. पण डावं अंग गेलं. इथंच शहरात दवाखान्यात आणलंय.

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तो पत्र घेऊन निघून गेला.

२० ऑगस्ट

सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

आमच्या नियमात लिहिलंय: सभासदाची स्थिती एका अक्षरात कळवावी. कुठल्या अक्षराचा अर्थ काय, ते 'पुढच्या बैठकीत ठरवू' असं झालं होतं. ती बैठक झालीच नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एम म्हणजे मुदतवाढ. त्यांच्यात एम म्हणजे मयत.

ज्यानं ज्यानं पुस्तकाला मुदत वाढवून मागितली, तो तो तिकडं मेला!

कय्युम पडद्याकडं बघत बसला होता. हळूच म्हणाला, "बाजी, हमारा एम अलग, उनका एम अलग. किसी ने पूछाच नहीं."

उजळणीच्या बद्रीनाथांना फोन केला. तेच तिथले ग्रंथपाल. यंत्र पत्रं छापून देई, ते तिकीट लावून टाकत. एवढी माणसं गेली तर शहरात साथबिथ आली की काय, असं त्यांना वाटलं होतं म्हणे. मग विचारलं का नाही? तर म्हणाले, मशीनच सांगतंय म्हटल्यावर खरंच असंल. मी रागावू शकले नाही. मीही पेढा खाल्लाच की.

२२ ऑगस्ट

ज्यांच्या घरी पत्रं गेली, त्यांच्या घरी जाऊन माफी मागते आहे. कय्युम स्कूटरवर नेतो. काही जण हसतात. एकानं दार लावून घेतलं. दाऊदमियाँनी — जुने दर्जी, इतिहासाची पुस्तकं वाचतात — बसवून सरबत पाजलं. आपल्यामागं कोण किती रडतं ते बघायला मिळालं, म्हणाले. त्यांची मुलगी सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

२४ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत फिरले होते.

मनकर्णाबाईंनी उजव्या हातानं बन्सीचं मनगट धरून ठेवलेलं. तो सांगत होता, जेवायला गेलो तरी ओरडते. मी कोण, ते त्यानं तिला सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. जीभ जड झालीय, कान जवळ न्यावा लागला.

"बाई, तुमी जित्या माणसाचं लिवलं," त्या म्हणाल्या. "लिवायच्या आधी इचारायचं व्हतं."

बस्स. डोळे मिटून घेतले त्यांनी. मी परत कशी आले, रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही.

२८ ऑगस्ट

बैठक. नानासाहेबांचं म्हणणं, छपाईची चूक झाली असं कळवू, नाहीतर सगळी योजनाच बंद पडेल. माणूस वाईट नाही. यासाठी किती हेलपाटे घातलेत त्यांनी. मी वाद घातला नाही. बन्सीचं पत्र मागून आणलं होतं, ते मोठ्यानं वाचलं. मग तो फोन कुणी घेतला ते सांगितलं.

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिहा," म्हणाले. "चूक आमची."

मग नियम लिहिला. एकटं अक्षर पाठवायचं नाही, पूर्ण शब्द पाठवायचा. शब्द ओळखीचा नसेल तर घेणाऱ्या यंत्रानं थांबायचं. आणि मृत्यूचं कुठलंही पत्र माणसानं घरी चौकशी केल्याशिवाय जायचं नाही. ते शेवटचं मी मनकर्णाबाईंच्याच शब्दांत मांडलं. कुणाचीच हरकत नव्हती.

२ सप्टेंबर

नव्या नियमानं काम सुरू. आमचा बन्सी तिकडं 'मुदतवाढ' म्हणूनच पोचला. बद्रीनाथांनी फोनवर वाचून खात्री केली. मनकर्णाबाईंची बोटं हलतायत, असं बन्सी सांगून गेला. आज मी पोटभर जेवले.

५ सप्टेंबर

सोयगावहून साळूबाई आली आहे. कपाळाला कुंकू, हातात नवा हिरवा चुडा. तिच्याकडं आमचं पत्र आहे, मागच्या महिन्यातलं, आमच्या यंत्रानं छापलेलं: श्री. रामकिसन, आपल्या विनंतीनुसार पुस्तकाची मुदत वाढवली आहे.

रामकिसन तिचा नवरा. मागच्या पावसाळ्यात पुरात वाहून गेला, देह मिळाला नाही. उजळणीनं त्याच्या नावापुढं एम लावला होता. त्यांचे एम इकडंही येत होते — हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

ती इतके दिवस घरी वाट बघत होती. ते आले नाहीत, म्हणून ती आली.

"कवा आले व्हते हितं?" तिनं विचारलं. "लई वाळलेत का वो?"

तिला बाकावर बसवलंय. पाणी दिलंय. मी आत येऊन हे लिहिते आहे. ती दाराकडं बघते आहे.