कारखान्यातून आलेला कुत्रा

आबा,

आपल्या घरात आता कुत्रा आहे. तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी कुरकुरला असतात, दुसऱ्या दिवशी कोणी बघत नाही असं पाहून त्याला अर्धी भाकर टाकली असतीत. उधन्याच्या ज्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर कापड विणलंत, तो बंद पडला. धोट्याचे जुने विणकामाचे संचे भंगारवाल्यानं वजनावर नेले. तुमच्या शेजारचे संचे चालवणारे तुमचे जोडीदार शेवटपर्यंत तिथंच होते. कायमचं गावी जाण्याआधी ते भेस्तानला घरी आईला भेटायला आले, तेव्हा दोरीला हा काळा कुत्रा होता. कारखान्यातच सुताच्या पोत्यांमागे जन्मलेला आणि तिथंच वाढलेला. "हुशार शे. सांभाळ त्याले," एवढंच ते म्हणाले, चहा प्यायले आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. पुढचे तीन-चार महिने मला वाटत होतं की म्हातारा जाता जाता माझी गंमत करून गेला.

कारण ह्या कुत्र्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. माझ्या लेकीनं त्याचं एक इंग्रजी नाव ठेवलं, ते नाव आम्ही दिवसभर घ्यायचो, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. लेक मोबाइलवर बघून बघून त्याला शिकवायची, कधी इंग्रजीत, कधी तिच्या नेहमीच्या गुजरातीत. आई खाटेवरून अहिराणीत ओरडायची. मी बिस्किट दाखवून "बस, बस" करत बसायची. तो माझ्या हाताकडे एकटक बघायचा, पण बसायचा नाही. मी म्हणायची, हावरट आहे, बिस्किटाशिवाय ह्याला दुसरं काही दिसत नाही. गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मागून स्टीलची थाळी पाडली, तसा हा टुणकन उडाला. डॉक्टर म्हणाले, "कान एकदम ठीक है बेन. कोई कोई धीमा होता है." म्हणजे बहिरा नव्हता. ऐकू येत असून ऐकत नव्हता, आणि ह्याचाच मला जास्त संताप यायचा.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी आता मोठा रस्ता झालाय. कापडाचे टेम्पो तिथून सुसाट जातात. दार उघडं दिसलं की हा धावत सुटायचा आणि मागून कितीही हाका मारल्या तरी मान वळवायचा नाही. एकदा त्याला चुकवताना शेजारच्या मोपेडवाल्या बाई पडल्या, गुडघा फुटला. मग गल्लीतले सगळे आमच्या ओट्याशी जमले. त्याच दिवशी ह्यांनी सांगून टाकलं, "यानं डोकंच चालत नही. दिवाळीलोंग हाक मारली की थांबना तर ठीक, नही तर पांजरापोळमा सोडी येसू." माझे यजमान डाइंग मिलमध्ये आहेत, आले की अंगाला रंगाचा वास असतो आणि बोलणं थोडकं. बोलले म्हणजे करतात. दिवाळीपर्यंतच्या मुदतीला मला हो म्हणावं लागलं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या कुत्र्यावर माझा एवढा जीव कधी जडला ते माझं मलाच कळलं नव्हतं.

खरं तर कळलं होतं. मला शाळा आठवत होती. तुम्ही मला गुजराती शाळेत घातलंत, कारण ती जवळ होती. पहिलं वर्षभर मी बाकावर दगडासारखी बसून होते. बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही सुटीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून आलात, आणि बाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "आ छोकरी साव ढ छे."  मग संच्याच्या खडखडाटात वर्षं काढलेला तुमचा तो फुटका, मोठा आवाज सगळ्या वर्गात घुमला. "मेरे को तो इसको कोई बात दो बार बोलना नहीं पडता." पोरं हसली. बाईही हसल्या. येताना तुम्ही हातगाडीवरून मला लाल रिबिनी घेऊन दिल्यात आणि घरापर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. तुम्ही मला एकदा तरी कुठे काही बोलता, दोनदा कशाला बोलावं लागणार, असं मला मनात वाटलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही बोलायचाच नाहीत. आई म्हणते, कारखान्यात माणसाच्या तोंडाचा उपयोग फक्त चहा प्यायला. तिथं सगळं हातांनी चालायचं. तळहात छातीपासून खाली दोनदा दाबला की थांबव. दोन बोटं आत वाकवली की इकडे ये. अंगठा ओठाला लावला की चहा आला. तुम्ही तेच हात घेऊन घरी यायचात. भाकर हवी असली तरी खूण, पाणी हवं असलं तरी खूण. गल्लीतल्या बाकी पोरींना त्यांचे बाप नावानं हाका मारायचे, लाडाची नावं काढायचे. तुम्ही गल्लीच्या टोकाला उभे राहून दोन्ही मुठी कानांखालून खांद्यापर्यंत ओढायचात, वेणी ओढल्यासारख्या. वेणी नीट कर, असं मी समजायची. मी रिबीन सोडून पुन्हा घट्ट बांधायची, आणि मगच तुमच्याकडे यायची. मला त्याचा फार राग यायचा. दिवसभरानंतर बापाला पोरीची दिसते ती विस्कटलेली वेणीच.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळी उंबऱ्याशी बसून मी साडीला लेस लावत होते. ऑर्डरची घाई होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. लेक दूध घेऊन आली आणि दार उघडं राहिलं. कुत्रा सुटला तो थेट रस्त्याकडे, आणि वळणावरून पाण्याचा टँकर येतोय. तोंड उघडलं तर टाचण्या घशात जातील. मी मांडीजवळची टाचण्यांची थाळी जमिनीवर जोरात आपटली, त्यानं वळून पाहिलं, आणि माझा हात आपोआप वर गेला. तळहात छातीपासून खाली, दोनदा. तुमचाच हात तो, आबा, मी काही ठरवून केलं नाही. कुत्रा जागच्या जागी थांबला. टँकर गेला. मी दोन बोटं वाकवली. तो मान खाली घालून सरळ माझ्यापाशी आला आणि बसला, गेले कित्येक महिने मी हेच का करत नव्हते असं विचारत असल्यासारखा. मी टाचण्या थुंकल्या आणि रडले. मग अंगठा ओठाला लावून पाहिला, तर हा उठून दाराकडे बघत शेपूट हलवायला लागला. कारखान्यात चहाबरोबर त्याला बिस्किट मिळत असणार.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. त्यांनी स्वतः तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा कुत्रा थांबला. "मंग हाई आधी कोनी सांगं नही?" असं कुत्र्यालाच दरडावून ते आंघोळीला गेले. पांजरापोळचा विषय तिथं संपला. जन्मल्यापासून जिथं शब्द ऐकूच येत नाहीत तिथं तो वाढला, आणि आम्ही तीन भाषांत त्याच्या कानाशी ओरडत होतो.

आईला मात्र चेव चढला. ती आता खाटेवर बसून नातीला तुमच्या सगळ्या खुणा शिकवते. तुमच्यासाठी डबा घेऊन जायची तेव्हा ह्या सगळ्या शिकली होती, म्हणे. परवा ती माणसांच्या खुणांवर आली. मिशीला पीळ दिला की तुमचे जोडीदार. कपाळावर बोट टेकवलं की ती स्वतः. मग तिनं दोन्ही मुठी कानांखालून खांद्यापर्यंत ओढल्या. मी म्हटलं, ही मला माहीत आहे, वेणी नीट कर. आईनं मुठी खाली घेतल्या.

"येडी शे का तू? ते तुनं नाव व्हतं. तुना बाप तुले हाक मारे."

हे मी लिहून ठेवतेय, पण पाठवायचं कुठे. तुमच्या फोटोमागे खोचायला गेले तर आई विचारेल. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी घरात कोणी नाही असं बघून मी आरशासमोर तुमच्यासारखी उभी राहिले आणि ती खूण केली. डोक्यावर आता वेणी नाही, मूठभर पांढरा अंबाडा आहे, तरी वेणी नीट करायला हात तिकडे गेलाच. मग मी तो खाली घेतला आणि ओ दिली. जरा मोठ्यानंच दिली असणार, कारण बाहेरून आईनं विचारलं, "कोनले ओ देस तू?" मी म्हटलं, कुत्र्याला.