बेलभंडाऱ्याच्या आधी

लातूर,
शुक्रवार

प्रिय अप्पा,

हे पत्र माझ्या खोलीवरची शुभांगी उद्या जळकोटला येताना घेऊन येईल. तुमच्याच हातात द्यायचं, अव्वाच्याही नाही, असं तिला बजावलंय. मंगळवारी येरमाळ्याला निघायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुम्ही "बोल की, शिवा" म्हणालात आणि मी अव्वाच्या गुडघ्यांचं विचारून ठेवून दिला. ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो तोंडी चाचरतो, हे मी तुमच्याच ओसरीवर बघितलंय. म्हणून तर तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचात, "तोंडी न्हाय बाबा, लिहून दे."

अव्वाकडून कळलं, की मंगळवारी बलभीमकाकांनी येडेश्वरीपुढं बेलभंडारा उचलायचा, असं तुम्ही चार माणसांदेखत ठरवलंय. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन त्यांनी शपथेवर सांगायचं, की साहेबांच्या सहीचं ते पत्र मी पाठवलं नाही. याही वेळी नाही उचलला तर पोलिसांत तक्रार. पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं तर आधी घरातला चोर काढला पाहिजे, असं तुम्ही म्हणालात म्हणे. पंधरा वर्षं तुमच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडलेल्या माणसाला चोर म्हणताना तुमची जीभ अडली का, ते अव्वानं सांगितलं नाही.

तुम्ही निवडून आलात तेव्हा मी बारावीला होते. सातवी शिकलेला, हायवेवर टायरचं दुकान चालवणारा माणूस आमदार झाला, यावर आपल्या गल्लीचाच आधी विश्वास बसेना. तुम्ही सभागृहात पहिल्यांदा बोलणार होता, तेव्हा आठ दिवस आरशासमोर सराव केलात. काका हातात घड्याळ धरून, "साहेब, चार मिनिटं झाली, आता बसा," म्हणायचे. ओढ्यावरच्या पुलाचा प्रश्न मांडलात. पाच वर्षांत पूल तेवढाच झाला, पण त्यावरून जाताना तुम्ही अजूनही गाडी हळू करता. माझी पदवी झाली तेव्हा गुणपत्रिका खिशात घालून तुम्ही तालुकाभर हिंडलात. "आमच्या घरातली पहिली," म्हणताना तुमचा आवाज जसा यायचा, तसा तो तुमच्या निवडणुकीच्या निकालादिवशीही आला नव्हता. तो आवाज जाईल, याच भीतीनं मी इतके दिवस गप्प बसले.

अधिवेशनाला निघायच्या आदल्या दिवशीचं तुमचं काम मला पाठ आहे. कोऱ्या लेटरहेडवर तुम्ही सावकाश, जीभ दातात धरून सह्या करायचात, आणि शाई वाळेपर्यंत मी ती पानं पलंगावर पसरून ठेवायची. मग काका ती कपाटात घालून कुलूप लावायचे. दवाखाना आणि वसतिगृह, एवढ्याच शिफारशींना ती पानं वापरायची. बाकी कशाहीसाठी आधी तुम्हाला फोन. पत्राला विषय कसा लिहायचा, 'महोदय' कुठं घालायचं, हे मला काकांनीच शिकवलं.

तुमच्या शेवटच्या नागपूर अधिवेशनात धुरपदाकाकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काका दोन दिवस सोलापूरला गेले आणि किल्ली माझ्याकडं देऊन गेले. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या लक्ष्मीबाई अकरा बायकांना घेऊन आल्या. राजशेखरमामांचं दारूचं दुकान शाळेपासून किती लांब आहे, ते त्यांनी सुतळीनं मोजलं होतं. जागोजागी गाठी मारलेला तो सुतळीचा गुंडा त्यांनी टेबलावर ठेवला. साहेब नागपूरला आहेत, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सायेब कवा बी कुठंतरी असत्यातच. तू हायेस न्हवं? मग शिकलीस कशाला?"

ते पत्र मी लिहिलं, अप्पा. कपाट मी उघडलं, टाईप मी केलं आणि दारूबंदीच्या कचेरीत लक्ष्मीबाईंसोबत जाऊन मीच दिलं. सही तुमची होती, मजकूर माझा. राजशेखरमामा तुमच्यासाठी तीन गावांची मतं सांभाळतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला फोन केला नाही. तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मग मला तुमच्याकडं पहिल्यासारखं बघता आलं नसतं.

काकांनी परत आल्यावर पानं मोजली आणि एक कमी भरलं. मी सगळं सांगितलं. कपाटाला कुलूप लावत ते म्हणाले, "आता हे कुणाजवळ बोलू नगंस, ताई." दोन महिन्यांनी दुकान बंद झालं. लक्ष्मीबाई हुरडा घेऊन आल्या. कशाबद्दल ते न विचारता तुम्ही तो मिटक्या मारत खाल्लात. पुढं निवडणुकीच्या तोंडावर राजशेखरमामांनी त्या पत्राची झेरॉक्स तुमच्यापुढं टाकली, तीन गावं फिरली आणि तुम्ही सहाशे तेरा मतांनी पडलात. निकालानंतर तुम्ही काकांना विचारलंत, "कुणाला इकलीस रे माझी सही?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. काकांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग किल्ली टेबलावर ठेवली, "येतो साहेब," म्हणाले आणि चप्पल घातली. मी चहा परत आत नेला.

ते पत्र चुकीचं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण तुमच्या सहीआड लपून मी ते लिहिलं, आणि त्या दिवशी ट्रे खाली ठेवून तोंड उघडलं नाही. ही चूक माझी आहे.

काल मी येरमाळ्याला जाऊन आले. काका देवळाच्या वाटेवर नारळ आणि ओटीचं सामान विकतात. मी म्हटलं, तुम्ही पत्र लिहिलंच नाही, मग दीड वर्ष बेलभंडारा उचलायला नाही का म्हणता? ते म्हणाले, "उचलला की साहेब दुसरं इचारतील, मग लिवलं कुणी? देवीपुढं खोटं बोलता येत न्हाय, आन् तुझं नाव मला घ्यायचं न्हाय." मंगळवारीही ते नुसते हात जोडून उभे राहणार आहेत. खुशाल तक्रार करा म्हणणार आहेत. म्हणून हे पत्र, अप्पा. मंगळवारी मी पहिल्या गाडीनं येरमाळ्याला येतेय. त्या चार माणसांदेखत बेलभंडारा मी उचलणार आणि तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देणार. त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पुन्हा उभं राहायचं की नाही, तेही. मागणं एकच आहे, आणि तुमच्या नियमाप्रमाणे लिहून देतेय. कपाटाची ती किल्ली अजून दाराजवळच्या खुंटीला आहे. येताना ती खिशात घालून आणा, काकांच्या हातात द्यायला.

तुमचीच,
शिवप्रिया